कुत्रा गोल फिरतोय : पिसाळला की मेंदूला सूज आली?

वस्तीतला कुत्रा अचानक एकाच दिशेने गोल गोल फिरू लागतो. भिंतीला डोके टेकवून तासन् तास उभा राहतो, तोंडाला फेस येतो, पाय ताणून झटके देतो. अशा वेळी गल्लीत दोन प्रकारची माणसे दिसतात. काही जण काठ्या-दगड घेऊन धावतात, 'पिसाळला, मारा त्याला' म्हणतात. काही जण म्हणतात, 'रोजचाच आहे तो, काही करत नाही', आणि जवळ जाऊन त्याच्या तोंडात पाणी ओततात. पहिल्या प्रकारात बरा होऊ शकणारा प्राणी हकनाक मरतो आणि मारायला गेलेल्यालाच तो चावतो. दुसऱ्या प्रकारात लाळ हाताला लागते, हातावर जखम असते, आणि पुढे माणसाचा जीव जाऊ शकतो.

कुत्र्यांच्या मेंदूला सूज का येते, डॉक्टर ती कशी ओळखतात आणि तोवर आपण काय करायचे, हे या अंकात सांगत आहोत. ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनीही हे वाचावे. गल्लीतला कुत्रा सगळ्यांचाच असतो आणि त्याच्याजवळ सर्वांत जास्त आपली मुले असतात.

मेंदूचा दाह म्हणजे काय?

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. शरीराची संरक्षण यंत्रणा तिथे लढत असते. हीच लढाई मेंदूत किंवा मेंदूवरच्या आवरणात सुरू झाली की तिला मेंदूचा दाह म्हणतात. पायाला सुजायला जागा असते, मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत असतो. सूज वाढली की दाब वाढतो आणि त्या भागाचे काम बिघडते. म्हणून बाहेर दिसणारी लक्षणे मेंदूचा कोणता भाग बिघडला त्यावर ठरतात, कारण कोणते त्यावर नाही. रेबीजमध्ये झटके येतात, डिस्टेंपरमध्येही येतात आणि विषबाधेतही येतात. नुसते पाहून निदान करता येत नाही, ते यामुळेच.

दाहाची कारणे दोन गटांत येतात. पहिला गट जंतूंचा : विषाणू, जिवाणू, बुरशी, एकपेशीय परजीवी. दुसऱ्या गटात जंतू सापडतच नाही, शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या मेंदूवर उलटते. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून आधी निदान, मग औषध.

सर्वांत आधी रेबीजचा विचार

आपल्या देशात कुत्र्याच्या वागण्यात अचानक बदल झाला की पहिला संशय रेबीजचाच घ्यायचा. रेबीज हादेखील मेंदूचा दाहच आहे. विषाणू चाव्याच्या जागेवरून नसांच्या वाटेने मेंदूत पोचतो आणि तिथून लाळेत उतरतो.

लक्षणे ध्यानात ठेवावीत. शांत कुत्रा विनाकारण चावतो, लाकूड-दगड-माती चावतो. भुंकण्याचा आवाज बदलतो, घोगरा होतो. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. मागचे पाय लुळे पडतात. काही कुत्रे अजिबात आक्रमक होत नाहीत, उलट कोपऱ्यात, अंधारात पडून राहतात. या 'मुक्या' रेबीजमध्येच माणसे फसतात. घशात हाड अडकले असेल असे समजून कोणी तोंडात हात घालतो. जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नये.

एक गैरसमज इथेच दूर करू. 'पाणी प्यायला, म्हणजे पिसाळलेला नाही' असे सर्रास म्हटले जाते. पाण्याची भीती हे रेबीज झालेल्या माणसाचे लक्षण आहे. कुत्र्यात ते दिसत नाही. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालतो, त्याला फक्त गिळता येत नाही. पाण्याचे भांडे पुढे ठेवून केलेली परीक्षा निरर्थक आहे.

जिवंत कुत्र्यात रेबीज आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी तपासणी नाही. पक्के निदान मेल्यानंतर मेंदूचा तुकडा तपासूनच होते. १९०३ साली इटलीच्या अदेल्की नेग्री यांनी रेबीज झालेल्या प्राण्यांच्या मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ठिपके शोधले. अनेक वर्षे तेच निदानाचे साधन होते. आता चमकणाऱ्या रंगद्रव्याची चाचणी करतात. मेंदूच्या ऊतीवर विषाणू ओळखणारी प्रतिद्रव्ये टाकली की विषाणू असेल तिथे हिरवट चमक दिसते. म्हणून संशयित कुत्र्याचे डोके ठेचणे हे क्रूर तर आहेच, शिवाय पुरावाही नष्ट करणारे आहे. ज्याला तो चावला त्याच्यासाठी तो पुरावा मोलाचा असतो.

जिवंत असताना उपयोगी पडते ती दहा दिवसांची नजर. लाळेत विषाणू लक्षणे दिसण्याच्या थोडे दिवस आधी येतो, आणि लक्षणे सुरू झाली की कुत्रा काही दिवसांतच मरतो. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतर ठणठणीत असेल, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे धरतात. पण हे दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवण्यासाठी आहेत, माणसाची लस थांबवण्यासाठी नाहीत. लस पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी.

पिल्लांचा वैरी : डिस्टेंपर

वस्तीत पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यात एकामागून एक पिल्ले मरतात, लोक म्हणतात 'साथ आली'. यात पुष्कळदा डिस्टेंपर असतो. हा विषाणू फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ साली दाखवून दिला. गोवराच्या विषाणूचा तो जवळचा नातेवाईक आहे, पण माणसाला त्यापासून आजार होत नाही.

सुरुवात तापाने होते. डोळ्यांना चिपडे येतात, नाकातून घट्ट शेंबूड वाहतो, खोकला आणि जुलाब लागतात. काही पिल्ले त्यातून सावरतात आणि घरच्यांना हायसे वाटते. एक ते तीन आठवड्यांनी दुसरा टप्पा येतो. डोक्याचा किंवा एका पायाचा स्नायू घड्याळासारखा ठराविक लयीत उडत राहतो, झोपेतसुद्धा. जबडा काही तरी चघळल्यासारखा हलतो, तोंडाला फेस येतो. हा फेस पाहूनच पिसाळल्याची आवई उठते. कधी पंजाचे तळवे आणि नाकाचा शेंडा जाड, कडक होतो.

डॉक्टर डोळ्याच्या पापणीच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात. झटपट पट्टीची चाचणी काही मिनिटांत होते, पीसीआर प्रयोगशाळेत होते. मात्र आजार मेंदूत पोचल्यावर डोळ्यातल्या नमुन्यात विषाणू सापडेलच असे नाही. म्हणून 'चाचणी निगेटिव्ह, म्हणजे डिस्टेंपर नाही' असे डॉक्टर लगेच म्हणत नाहीत. आधी ताप-खोकला होता का, लस झाली होती का, बरोबरची पिल्ले मेली का, या तीन उत्तरांचे वजन चाचणीइतकेच असते. ती उत्तरे तुमच्याकडेच असतात.

शत्रू बाहेरचा नसतो तेव्हा

एका जाहिरातीने पग कुत्रा घरोघरी पोचवला. आज वस्त्यांतही पग, पॉमेरियन अशी लहान जातीची कुत्री दिसतात. लस वेळेवर झालेली, घराबाहेर न जाणारी अशी दोन-चार वर्षांची कुत्री अचानक झटके देऊ लागतात, एका डोळ्याने दिसेनासे होते, मान दुखते. इथे जंतू सापडत नाही. संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच मेंदूवर चालून गेलेली असते. पग जातीत मेंदूच्या पेशी मरून जाणारा असा एक दाह होतो. त्याचे सविस्तर वर्णन १९८९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे पुढे दिसून आले.

'आपलेच शरीर आपल्यावर कसे उलटेल?' असे वाटेल. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती रेबीजची जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी ती तयार केली होती. तिने असंख्य जीव वाचवले. पण काही थोड्या माणसांत त्या लसीतला मेंदूचा अंश पाहून शरीराची यंत्रणा मेंदूलाच शत्रू समजू लागे, आणि त्यांना मेंदूचा दाह किंवा पक्षाघात होई. म्हणूनच ती लस बंद झाली. आता पोटात इंजेक्शन देत नाहीत. त्या भीतीने दवाखाना टाळणारे आजही भेटतात, त्यांना हे जरूर सांगा.

पिसाळल्यासारखे दिसते, पण मेंदूचा दाह नसतो

निदान करताना डॉक्टर आधी सोपी आणि बरी होणारी कारणे बाजूला काढतात. तीन-चार आठवड्यांपूर्वी व्यालेली कुत्री थरथर कापते, ताठरते, धापा टाकते. ते बहुधा कॅल्शियम कमी झाल्यामुळे असते. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिले की ती थोड्याच वेळात उठून बसते. वेळेत नेले नाही तर मरते. अशा मादीला पिसाळली समजून मारले, तर मागे पिल्लेही उपाशी मरतात.

उपाशी लहान पिल्लाची साखर उतरली तरी झटके येतात. कीटकनाशक किंवा उंदराचे औषध पोटात गेले तरी येतात. गाडीचा धक्का डोक्याला लागला तरी कुत्रा गोल फिरतो. कानात पू झाला की डोके एका बाजूला कलते. गोचिडांमधून होणारा एर्लिकिया हा ताप कधी मेंदूवर परिणाम करतो. आणि काही कुत्र्यांना माणसासारखेच फेफरे असते, दोन झटक्यांच्या मधल्या काळात ती अगदी नीट असतात. म्हातारपणी पहिला झटका आला तर मेंदूतल्या गाठीचाही विचार करावा लागतो.

डॉक्टर काय पाहतात?

आधी ते तुमच्याकडून हकीकत घेतात, मग तपासणी करतात. कुत्र्याला चालवतात. पंजा उलटा करून जमिनीवर टेकवतात : निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो, मेंदूत बिघाड असलेला तसाच उभा राहतो. डोळ्यापुढे हात एकदम नेतात, पापणी मिटते का ते पाहतात. बॅटरीचा उजेड टाकून बाहुली आकसते का ते बघतात. मान हळूच वळवून दुखते का ते पाहतात.

यावरून बिघाडाची जागा कळते. झटके, गोल फिरणे, भिंतीला डोके लावणे ही मोठ्या मेंदूची लक्षणे. कुत्रा बहुतेक वेळा बिघाड असलेल्या बाजूकडेच वळत फिरतो. मान कलणे, गुंगी, गिळता न येणे ही मेंदूच्या देठाची लक्षणे. पाय फाकवून डुलत चालणे, खाताना डोके थरथरणे ही लहान मेंदूची. एकाच कुत्र्यात एकाच वेळी दोन-तीन जागा बिघडलेल्या दिसल्या की दाहाचा संशय बळावतो. रेबीजचा संशय असेल तर डॉक्टर हातमोजे घालून, लांबूनच पाहतात. तुम्हाला 'हात लावू नका' म्हणाले तर राग मानू नका.

मग रक्त तपासतात. साखर, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड आणि गोचीड-ताप यांचा उलगडा त्यातून होतो. त्या खर्चात पुष्कळ कारणे निकालात निघतात.

एमआरआय आणि मणक्यातले पाणी

रक्तातून उत्तर मिळाले नाही तर पुढच्या दोन तपासण्या उरतात. दोन्ही भूल देऊनच कराव्या लागतात. एमआरआयमध्ये दाहाची जागा उजळ डागासारखी दिसते. त्यानंतर मानेच्या वरच्या बाजूने, कवटीच्या तळाशी सुई घालून मेंदू-मणक्याभोवतीचे पाणी काढतात. निरोगी कुत्र्याचे हे पाणी स्वच्छ असते, एका मायक्रोलिटरमध्ये पाचांहून कमी पांढऱ्या पेशी असतात. दाहात त्या वाढतात आणि प्रथिनेही वाढतात. कोणत्या जातीच्या पेशी वाढल्या, यावरून जिवाणूंचा दाह की स्वतःवर उलटलेली यंत्रणा, याचा अंदाज येतो. मेंदूत दाब फार वाढला असेल तर पाणी काढणे धोक्याचे ठरते, म्हणून शक्य असेल तिथे एमआरआय आधी करतात.

स्वतःवर उलटलेल्या दाहाचे शंभर टक्के निदान मेंदूचा तुकडा काढूनच होते. जिवंतपणी ते क्वचितच करतात. म्हणून २०१० पासून पशुवैद्य काही निकष लावतात : कुत्रा सहा महिन्यांहून मोठा, एमआरआयमध्ये तसे डाग, पाण्यात तशा पेशी वाढलेल्या आणि त्या भागातले संसर्गजन्य आजार तपासून वगळलेले. चारही जुळले की उपचार सुरू करतात.

एमआरआयचा खर्च हजारोंच्या घरात जातो आणि सोय मोठ्या शहरांतच असते, हे आम्हाला ठाऊक आहे. ते जमले नाही म्हणून मन खाऊ नये. हकीकत, नीट तपासणी, रक्त आणि डिस्टेंपरची चाचणी एवढ्यावरही डॉक्टर बरेच ठरवू शकतात. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आधी तिथे किंवा जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात जावे.

औषध मनाने देऊ नये

स्वतःवर उलटलेल्या दाहात स्टेरॉइड मोठ्या मात्रेने देऊन काही महिने हळूहळू कमी करतात, जोडीला संरक्षण यंत्रणा आवरणारी दुसरी औषधे देतात. काही कुत्री वर्षानुवर्षे नीट जगतात, काही पहिल्याच आठवड्यात दगावतात. पण हेच स्टेरॉइड जंतूच्या दाहात दिले तर जंतूंना मोकळे रान मिळते. शिवाय पाणी तपासण्याआधी दिले तर पेशी घटतात आणि निदान चुकते. म्हणून औषधाच्या दुकानातून 'सुजेची गोळी' आणून देऊ नये. माणसाच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी कुत्रा मरू शकतो. डिस्टेंपरवर विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही, झटके आवरणे आणि शुश्रूषा एवढेच हातात असते. रेबीजवर इलाज नाही.

झटका आला तर चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, तोंडात काही घालू नये, धरून दाबू नये. आजूबाजूच्या वस्तू सरकवाव्यात, मुलांना लांब न्यावे, घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा लागोपाठ आले तर ताबडतोब दवाखाना. लांबून मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. डॉक्टरांसमोर कुत्रा नेमका शांत असतो, तेव्हा हा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

कुत्रा चावला, ओरखडले, लाळ लागली तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल काहीही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. कातडीत दिलेली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. स्नायूत दिली तर त्यात १४ वा दिवस वाढतो. रक्त आले असेल, किंवा लाळ उघड्या जखमेत, डोळ्यात, तोंडात गेली असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते मागून घ्या, चिठ्ठीवर लिहून घ्या. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हे मूल, कोणालाही ही लस देता येते. एकही डोस चुकवू नये. आजार साधारण एक ते तीन महिन्यांत उमटतो, कधी वर्षानेही. लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. मूल चावल्याचे लपवते, कारण मार बसेल असे त्याला वाटते. आपल्या मुलांना आजच सांगा : कुत्र्याने ओरखडले तरी घरी सांगायचे, कोणी रागावणार नाही.

वस्तीने मिळून काय करावे?

संशयित कुत्र्याला मारू नये, पळवूनही लावू नये. पळालेला कुत्रा दुसऱ्या वस्तीत चावतो. शक्य असेल तर दार ओढून एका जागी कोंडावे आणि महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवावे. मेलेल्या कुत्र्याला उघड्या हातांनी उचलू नये. तो कोणाला चावला असेल तर मेंदूची तपासणी करण्याची मागणी करावी. कुत्रा ज्यांना ज्यांना चावला, त्या सर्वांची यादी करून त्यांना दवाखान्यात पाठवावे. कचरा वेचणारा, रस्त्यावर झोपणारा माणूस त्या यादीतून सुटू नये.

आणि खरा उपाय आधीचा आहे. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपरची लस सुरू करावी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत ठराविक अंतराने द्यावी. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर द्यावी आणि दरवर्षी पुन्हा टोचावी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होते. विहारात किंवा समाजमंदिरात असे शिबिर भरवण्यासाठी वस्तीच्या मंडळाने पालिकेला महिनाभर आधी अर्ज द्यावा. गल्लीतल्या कुत्र्यांना रोज भाकरी घालणाऱ्या आजीबाई आणि पोरे सोबत घ्यावीत, कारण ती कुत्री त्यांच्याच हाताला येतात. विहाराच्या फळ्यावर जवळच्या जनावरांच्या दवाखान्याची वेळ आणि लस मिळणाऱ्या सरकारी रुग्णालयाचे नाव लिहून ठेवावे. रात्री अकरा वाजता पोराला कुत्रा चावला की शोधाशोध करायला वेळ नसतो.